पोरगं बारावी झालं की पुस्तकांची पेटी कोण उचलणार?

लोणखेडा (ता. शहादा) : शहाद्याहून गोमाईचा पूल ओलांडला की लोणखेडा लागतं. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजांमुळे हे गाव साऱ्या तालुक्याला माहीत आहे. सकाळी या रस्त्याने दप्तरंच दप्तरं चालतात. गावातली पोरं असतात, आजूबाजूच्या खेड्यांतली असतात, धडगाव-तळोद्याकडून शिकायला येऊन खोली किंवा होस्टेल धरून राहिलेलीही असतात. पण दप्तरात काय असतं ते पाहिलं तर पाठ्यपुस्तक, वही, गाईड आणि फार तर भरतीच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक. गोष्टीचं पुस्तक, म्हणजे परीक्षेत काहीच विचारणार नाही असं पुस्तक, क्वचित.

अशा ठिकाणी पंधरा-सोळा वर्षांच्या एखाद्या पोराने किंवा पोरीने ठरवलं, की आपल्या गल्लीतल्या लहान पोरांना गोष्टीची पुस्तकं मिळाली पाहिजेत, तर ते जमेल का? आणि जमलं तर किती दिवस टिकेल? देशात ठिकठिकाणी मुलांनी स्वतः चालवलेल्या वाचनालयांच्या बातम्या येतात. बातमी वाचून सगळे कौतुक करतात, फोटो फॉरवर्ड होतो आणि विषय संपतो. खरा विषय तिथून पुढे सुरू होतो.

नऊ वर्षांची मुस्कान, अकरा वर्षांची आकर्षणा

भोपाळच्या दुर्गानगर झोपडपट्टीतल्या मुस्कान अहिरवारने २०१६ मध्ये घरासमोर वाचनालय सुरू केलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मध्य प्रदेशच्या राज्य शिक्षा केंद्राकडून थोडी पुस्तकं मिळाली. शाळा सुटली की ती भिंतीला दोरी बांधून पुस्तकं मांडायची. वस्तीतली पोरं जमायची, तिथेच वाचायची, काही जण पुस्तक घरी न्यायची. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत घेताना गोष्टीत काय होतं ते ती विचारायची. त्याच वर्षी नीती आयोगाने तिचा सन्मान केला.

हैदराबादच्या आकर्षणा सतीशची गोष्ट वेगळी. कोरोनाच्या काळात आई-वडिलांबरोबर ती तिथल्या एमएनजे कर्करोग रुग्णालयात जेवण वाटायला जायची. तिथल्या आजारी पोरांनी तिच्याकडे चित्रं रंगवायची पुस्तकं मागितली. तिने शेजारी, नातेवाईक, मैत्रिणी यांच्याकडून पुस्तकं गोळा केली आणि पहिलं वाचनालय त्या रुग्णालयातच उघडलं. २४ सप्टेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तिचं नाव घेतलं. तोवर तिची सात वाचनालयं झाली होती आणि पुस्तकं सहा हजारांच्या आसपास गेली होती. तेव्हा ती सातवीत होती.

दोन्ही ठिकाणी सुरुवात कशी झाली ते नीट पाहावं. कोणी मोठी इमारत मागितली नाही, समिती नेमली नाही, उद्घाटनाची वाट पाहिली नाही. पोरं जिथे आधीच जमतात तिथे पुस्तकं नेली. पण आणखी एक गोष्ट आहे, ती फोटोत दिसत नाही. दोघींच्या मागे मोठी माणसं होती. मुस्कानला पहिली पुस्तकं सरकारी खात्याने दिली, आकर्षणाला घरच्यांची साथ होती. पोरगं एकटं काही चालवत नसतं.

खानदेशाला हे नवीन नाही

वय लहान म्हणून काम लहान, असं या मुलखाने कधी मानलेलं नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या रस्त्यावर झेंडा घेऊन निघालेला शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी रोज स्वतःच्या हाताने 'छात्रालय' नावाचं दैनिक लिहून लावायचे. छापखाना नव्हता, पैसा नव्हता, तरी पोरांना रोज वाचायला काहीतरी मिळायचं. लोणखेड्यातल्या संस्थेचं नावही त्याच गुरुजींचं आहे.

शेजारच्या बडोदा संस्थानात तर शंभर वर्षांपूर्वी याची घडी बसवलेली होती. सयाजीराव महाराज हे मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे. त्यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन या ग्रंथालय तज्ज्ञाला बोलावून वेगळं ग्रंथालय खातं उघडलं. ज्या गावात वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तकं भरून पाठवायची, वाचून झाली की पेटी परत मागवायची आणि दुसरी द्यायची, अशी फिरती वाचनालयं त्यांनी चालवली. पेटी एका जागी पडून राहत नाही, म्हणून तिच्यातली पुस्तकं शिळी होत नाहीत. हा साधा हिशोब आजही तितकाच खरा आहे.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना याच वाटेने गेली. शंभर पुस्तकांची पेटी एका वाचक गटाला द्यायची, काही महिन्यांनी दोन गटांनी आपापसांत पेट्या बदलायच्या. ती पेटी पुढे राज्याबाहेर आणि देशाबाहेरच्या मराठी घरांपर्यंत पोहोचली.

जिल्ह्याचं दुखणं कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर होती, राज्यात सर्वात कमी. लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ, त्यात आदिवासी समाज सुमारे ६९ टक्के आणि खेड्यात राहणारे ८३ टक्के. हे आकडे जुने झाले आहेत, पण ज्या घरात आई-बापाला वाचता येत नव्हतं त्याच घरातली पोरं आज शाळेत बसली आहेत. त्यांच्या घरी वाचायचं पुस्तक नसणार, हे सांगायला नव्या जनगणनेची गरज नाही.

शाळेत जाऊनही वाचता येईलच असं नाही. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं ४८.८ टक्के निघाली, म्हणजे निम्म्याहून कमी. पोहायला शिकायचं तर विहिरीत उतरावं लागतं. वाचायला शिकायचं तर हातात रोज नवं, सोपं, आवडीचं पुस्तक लागतं. पाठ्यपुस्तक एकच असतं, ते पोराला जूनमध्येच तोंडपाठ होतं.

कायद्यात तशी कमी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला पाच हजार आणि उच्च माध्यमिकला वीस हजारांपर्यंत वाचनालय अनुदानाची तरतूद आहे. मग पुस्तकं कुठे अडतात? बहुतेक वेळा कपाटात. पुस्तक फाटलं, हरवलं तर जबाबदारी शिक्षकावर येईल, ही भीती असते. म्हणून कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये जाते. तपासणीच्या दिवशी पुस्तकं कोरी करकरीत दिसतात, रजिस्टर नीट असतं, सगळे खूष. वाचनालयातली कोरी पुस्तकं ही चांगली खूण नाही, हे मात्र तपासणीत कोणी लिहीत नाही.

गावच्या सार्वजनिक वाचनालयांची स्थिती आणखी वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग करून संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देतं. राज्यात अशी वाचनालयं अकरा हजारांहून जास्त आहेत, आणि ग्रामपंचायती आहेत सुमारे अठ्ठावीस हजार. अकरा हजारांतली बरीच शहरांत आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त ग्रामपंचायतींत मान्यताप्राप्त वाचनालयच नाही. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ड वर्गाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं. महिन्याचे झाले चार हजार. त्यातच ग्रंथपालाचं मानधन, त्यातच पेपर, त्यातच नवी पुस्तकं, त्यातच लाईट बिल. चार हजारांत संध्याकाळी चार तास बसणारा माणूस कुठून आणायचा?

त्यात गेल्या काही वर्षांत अनेक वाचनालयांची अभ्यासिका झाली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणाऱ्या पोरांना बसायला शांत जागा हवी, ती मिळायलाच हवी. पण त्या शांततेत सात-आठ वर्षांच्या पोराला जागा राहत नाही. ते मोठ्याने वाचतं, हसतं, चित्र दाखवायला धावतं. त्याला बाहेर काढलं जातं आणि ते परत येत नाही.

पंधरा वर्षांच्या पोराला जे जमतं ते सरकारला का जमत नाही?

पहिलं कारण अंतर. मोठ्या माणसाला लोणखेड्यातून शहाद्याला जाणं म्हणजे पूल ओलांडणं. दुसरीतल्या पोरीला ते परगाव आहे. संध्याकाळी घरचे तिला गल्लीच्या तोंडापर्यंतच सोडतात. पुस्तक तिच्या ओट्यापर्यंत आलं तरच तिच्या हातात पडणार.

दुसरं कारण भरवसा. गल्लीतला दादा किंवा ताई ओळखीची असते. पुस्तक फाटलं तर ती ओरडेल, पण आईला बोलावणार नाही, दंड लावणार नाही. अनामत रक्कम मागितली की गरिबाचं पोर तिथेच गळतं. म्हणून मुलांच्या वाचनालयात अनामत नको, दंड नको. काही पुस्तकं हरवणार हे आधीच धरून चालायचं. शेतकरी पेरताना काही दाणे पाखरांचे म्हणून सोडतोच.

तिसरं कारण भाषा. लोणखेडा-शहाद्याच्या पट्ट्यात घरोघरी गुजरी, अहिराणी, भिली, पावरी बोलली जाते. शाळेतली मराठी ही बऱ्याच पोरांची दुसरी भाषा असते. पुस्तकात मराठीत लिहिलेली गोष्ट पावरीत समजावून सांगणारी ताई हीच त्या पोरासाठी शब्दकोश असते. हे काम ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या परगावच्या माणसाला जमणार नाही, नववीतल्या पावरा पोरीला सहज जमतं.

प्रदीप लोखंडे यांच्या 'ज्ञान-की' वाचनालयांनी हेच ओळखलं. मूळचे वाईचे लोखंडे पुण्याहून 'रूरल रिलेशन्स'च्या माध्यमातून काम करतात. 'प्रदीप लोखंडे, पुणे १३' एवढ्याच पत्त्यावर त्यांना पत्र पोहोचतं, आणि याच नावाचं सुमेध वडावाला यांनी लिहिलेलं पुस्तकही आहे. राज्यातल्या हजारो ग्रामीण माध्यमिक शाळांत त्यांनी देणगीदारांकडून पुस्तकं पोहोचवली. या वाचनालयाचा कारभार शाळेतल्या एका विद्यार्थिनीकडे दिला जातो. मुलं देणगीदाराला स्वतःच्या हाताने पत्र लिहितात. किल्ली ड्रॉवरमधून निघून पोरीच्या हातात गेली, सगळी युक्ती एवढीच.

खर्चाचा हिशोब

पातळ, चित्रांचं, मुलांचं मराठी पुस्तक साधारण पन्नास-साठ रुपयांना पडतं. शंभर पुस्तकं धरली तर सहा हजार. पत्र्याची पेटी, एक वही, एक शिक्का, चिकटपट्टी यांचे आणखी हजार-दीड हजार. म्हणजे एका गल्लीचं वाचनालय आठ हजारांच्या आत उभं राहतं. गावात एका वाढदिवसाच्या बॅनरबाजीला आणि डीजेला याहून जास्त लागतात.

देणगीची पुस्तकं घ्यावीत, पण डोळे उघडे ठेवून. 'पुस्तकं द्या' म्हटलं की लोक जुनी गाईडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, मोठ्यांच्या जाड कादंबऱ्या आणून देतात. अशी दोनशे पुस्तकं आली तरी लहान पोराला वाचण्यासारखी वीसही निघत नाहीत. नाही म्हणायला शिकणं हे या कामातलं पहिलं अवघड काम आहे. बाकीची पुस्तकं अभ्यासिकेला द्यावीत, नाहीतर सरळ रद्दीत. येणाऱ्या पैशातून नवी बालपुस्तकं घ्यावीत.

टपालाचा मामला मधल्या काळात बिघडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने जुनी स्वस्त बुक पोस्ट बंद केली. ओरड झाल्यावर १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुण्या-मुंबईचा कोणी पाच किलो बालपुस्तकं पाठवायला तयार असेल, तर ती सव्वाशे रुपयांच्या आत गावात येतात.

मोबाईलवरही बरंच आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीसह अनेक भाषांतल्या गोष्टी फुकट वाचता येतात. केंद्राचं 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालं. पण घरातला एकमेव मोबाईल बापाच्या खिशात शेतावर जातो आणि संध्याकाळी थोरल्या भावाच्या हातात असतो. धाकट्या बहिणीच्या वाट्याला तो येईपर्यंत चार्जिंग संपलेलं असतं. कागदाच्या पुस्तकाला हा त्रास नाही.

उसाच्या फडावर पुस्तक जाईल का?

आपल्या जिल्ह्यात वाचनालयाचं वेळापत्रक दिवाळी आणि होळी ठरवते. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागातली कुटुंबं ऊसतोडीला, विटभट्टीला गुजरातकडे निघतात. होळीला परत येतात. बरोबर पोरंही जातात. वाचलेलं जेवढं कमावलं होतं, त्यातलं बरंच या चार महिन्यांत विसरलं जातं.

गल्लीचं वाचनालय इथे एक काम करू शकतं, जे शाळेच्या नियमात बसत नाही. निघताना पोराच्या पिशवीत तीन-चार पुस्तकं द्यायची आणि होळीला परत आणायला सांगायचं. सगळी परत येणार नाहीत. जी येतील ती ऊसाच्या चिकट हातांनी मळलेली असतील. ती मळलेली पानं म्हणजे फडावर कोणीतरी वाचत होतं याचा पुरावा.

लोणखेड्याला यात एक सोय आहे, जी दुसऱ्या गावांना नाही. डोंगरातली पोरं-पोरी इथे अकरावी-बारावी, पदवी शिकतात. सुट्टीला शहाद्याच्या स्टँडवरून धडगावची एसटी धरतात. त्यांतल्या एकेकाने दहा पुस्तकं नेली आणि पुढच्या खेपेला बदलून आणली, तर बडोद्याची पेटी पुन्हा चालू झाली म्हणायची. पगार नको, गाडी नको. पुस्तकं देणारी जागा मात्र लोणखेड्यात पक्की हवी.

आणि पोरगं गेलं की?

सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे. पंधराव्या वर्षी सुरू केलेलं वाचनालय सतराव्या वर्षी बारावीच्या परीक्षेत अडकतं. अठराव्या वर्षी पोरगं नाशिक, पुणे नाहीतर सुरतेला जातं. पोरीचं लग्न ठरतं. पेटी माळ्यावर चढते. ज्याच्या नावाने बातमी छापली होती त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्या पोरांना वाचायची चटक लागली होती ती पुन्हा रिकामी बसतात. एका हुशार पोरावर उभं राहिलेलं काम त्याच्या हुशारीमुळेच बंद पडतं, कारण हुशार पोरगं गावात राहत नाही.

यावर कर्नाटकाने एक वाट काढली. २०१९ मध्ये तिथल्या साडेपाच हजारांहून जास्त ग्रामीण वाचनालयांचा कारभार पंचायत राज खात्याकडे दिला. कोरोनात शाळा बंद असताना नोव्हेंबर २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' मोहीम काढून ६ ते १८ वयाच्या मुलांना फुकट सभासदत्व दिलं. म्हणजे वाचनालय गावाच्या कारभाराचा भाग झालं, जसा नळ आणि दिवाबत्ती.

आपल्याकडेही आडकाठी नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे द्यायच्या २९ विषयांची अकरावी अनुसूची आली, त्यात ग्रंथालये हा विषय विसाव्या क्रमांकावर आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. केंद्राच्या २०२३ च्या अर्थसंकल्पातही राज्यांनी पंचायत आणि वॉर्ड पातळीवर वाचनालयं काढावीत, असं म्हटलेलं होतं. कागद तयार आहे, ग्रामसभेत हात वर करणारं कोणी हवं.

म्हणून लोणखेड्यात किंवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात एखादं पोरगं पुस्तकांची पेटी घेऊन उभं राहिलं, तर मोठ्यांनी शाल-नारळ देण्याआधी चार कामं करावीत. पेटीला जागा द्यावी, तीही मुलांच्या गल्लीत, अंगणवाडीच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात. दरवर्षी नव्या पुस्तकांसाठी पाच हजारांचा ठराव ग्रामसभेत घ्यावा. शाळेच्या कपाटातली पुस्तकं महिन्याला वीस या हिशोबाने पेटीत सोडावीत. आणि पहिल्या दिवसापासून नववीतल्या पोराबरोबर सातवीतलं एक पोर बसवावं, म्हणजे पहिलं दहावीला गेलं की दुसऱ्याला सगळं येत असेल.

१५ ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो ग्रुपवर पडतात. १६ ऑक्टोबरला संध्याकाळी पाच वाजता ती पुस्तकं कुठे होती, हे गावाने एकदा जाऊन पाहायला हरकत नाही.